शाळा कशी आहे, हे कुणाला विचारायचं

आमच्या भागात शाळेबद्दल मत नाही असा माणूस भेटत नाही. पुण्यात सिंहगड रोडच्या पुढच्या पट्ट्यात धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली, नऱ्हे, नांदेड, खडकवासला २०२१ मध्ये. या काळात शेतं गेली, सोसायट्या आणि वर्कशॉप आली, आणि जुन्या गावकऱ्यांच्या शेजारी सोलापूर, लातूर, बीडकडची, बिहार-उत्तर प्रदेशातली माणसं राहायला आली. सोसायटीतले म्हणतात, “तिकडे वस्तीतली मुलं जातात.” गावातले म्हणतात, “आमच्या वेळची शाळा राहिली नाही.” यातल्या बहुतेकांनी गेल्या कित्येक वर्षांत शाळेच्या फाटकाच्या आत पाऊल ठेवलेलं नसतं.

माझी मुलगी याच पट्ट्यातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत आहे, सेमी इंग्रजीच्या तुकडीत. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. शाळा संस्थेची, शिक्षकांचे पगार सरकारचे. गेल्या वर्षी पालकसभेत मी शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून गेले आणि पालकांचे, मुलांचे अभिप्राय गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. ते कसं झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण हे काम इतर शाळांतल्या पालकांनीही करावं असं मला मनापासून वाटतं.

समितीबद्दल आधी थोडं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. अनुदानित शाळांत मात्र या समितीला फक्त सल्ला देता येतो, तशी दुरुस्ती २०१२ मध्ये झाली. हे कळल्यावर आमच्यातले दोघं-तिघं म्हणाले, मग आपला उपयोग काय? मला वाटलं, सल्ला द्यायचा तरी काय द्यायचा हे माहीत हवं. तेवढं तर आपल्या हातात आहे.

मुख्याध्यापिका बाईंनी आधीच्या वर्षांची ‘पालक अभिप्राय’ फाइल दाखवली. पानामागून पान एकच मजकूर. “शाळा उत्तम आहे. शिक्षक मेहनती आहेत. मुलांची प्रगती समाधानकारक आहे.” खाली सही किंवा अंगठा. शाळेच्या मूल्यांकनासाठी असे कागद लागतात, ते लावले होते. बाई स्वतःच म्हणाल्या, “यातून मला काहीच कळत नाही. तुम्ही काही वेगळं करता येतंय का बघा.” त्यांच्या या एका वाक्यामुळे पुढचं सगळं शक्य झालं.

पहिल्यांदा गूगल फॉर्म केला. वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. उत्तरं आली ती बहुतेक ऑफिसात बसून काम करणाऱ्या पालकांची. इतरांकडून अंगठ्याची खूण आली, ‘छान’ आलं, ‘ओके’ आलं. ग्रुपवरचा नंबर बऱ्याच घरांत वडिलांचा असतो आणि तो फोन वडिलांबरोबर कंपनीत किंवा रिक्षात असतो. मुलीचा अभ्यास जिला माहीत असतो त्या आईपर्यंत फॉर्म पोचतच नाही.

मग छापील फॉर्म मुलांबरोबर घरी पाठवले. ते परत आले, पण मुलांच्याच अक्षरात. आईला वाचता येत नाही किंवा वेळ नाही, म्हणून मुलानेच ‘उत्तम’वर खुणा करून टाकलेल्या. शिवाय फॉर्म वर्गशिक्षकांकडे द्यायचे होते आणि वर मुलाचं नाव लिहायचं होतं. आपल्या मुलाचे २० अंतर्गत गुण ज्यांच्या हातात, त्यांच्याच हातात तक्रार लिहून कोण देईल?

शेवटी समितीतल्या आम्ही बायका आणि एक रिक्षावाले दादा, असं ठरवून माणसांकडे गेलो. वेळ त्यांची, जागा त्यांची. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायका दुपारी तीन-चारला घरी असतात. वर्कशॉपमधले लोक गुरुवारी, कारण त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी लाइट नसते आणि सुट्टी असते. सिक्युरिटीवाले रात्रपाळी संपवून येतात तेव्हा झोपेच्या आधी. आणि फाटकावर, सकाळचं सत्र सुटून दुपारचं भरतं तेव्हा, बारा दहा ते साडेबाराच्या मध्ये. ती वीस मिनिटं म्हणजे नुसती गर्दी, पण दुपारच्या मुलांना सोडायला आलेल्या आज्या तिथे भेटतात आणि आज्या मोकळं बोलतात.

पालकांचं बोलणं बहुतेक तीन गोष्टींभोवती फिरतं: शिस्त, इंग्रजी आणि निकाल.

शिस्तीबद्दल अनेकांनी जे सांगितलं ते ऐकून मला त्रास झाला. “मॅडम, सरांना सांगा, दोन फटके द्या म्हणावं, आमची काही हरकत नाही.” हे म्हणणारे वडील स्वतः मुलाच्या शिक्षणासाठी गाव सोडून आलेले, दोन ठिकाणी काम करणारे. त्यांच्या बोलण्यात क्रूरपणा नव्हता, भीती होती. दिवसभर घरी कुणी नसतं, मुलगा कुणाच्या नादी लागेल, मोबाइलवर काय बघेल, याची. शाळेने धाक ठेवावा ही त्यांची अपेक्षा आहे, कारण धाक ठेवायला ते स्वतः घरी नसतात. कायद्याच्या कलम १७ ने मारायलाही बंदी आहे आणि मानसिक छळालाही, हे मी सांगत होते. त्यांना ते पटत नव्हतं.

इंग्रजीबद्दल मतं वेगवेगळी. काहींना सेमी पुरेसं वाटतं. काहींनी मुलांना इंग्रजी शाळेतून काढून इकडे घातलं होतं, कारण फी झेपेना आणि आईला मुलाचं पुस्तक वाचता येईना. एका बाईचं म्हणणं माझ्या अजून लक्षात आहे: “तिकडं मिटिंगला गेलं की मी मागं बसायची. इथं मी बाईंना सरळ विचारते.” शाळा निवडण्याचं हे कारण कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही, पण त्या घरासाठी ते सगळ्यात मोठं होतं.

निकालाबद्दलची मतं फ्लेक्सवरून ठरतात. निकालानंतर चौकाचौकात दहावीच्या गुणवंतांचे फोटो लागतात, त्यावरून लोक शाळेची किंमत करतात. एका वडिलांनी वेगळा प्रश्न काढला. त्यांच्या थोरल्याला, दुसऱ्या एका शाळेत, नववीतच सांगितलं गेलं होतं की दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसा. निकालाची टक्केवारी खाली यायला नको म्हणून. “इथंबी तसं करतात का, तेवढं बघा,” ते म्हणाले. फ्लेक्सवर नसलेल्या मुलांचं काय झालं, हे विचारणारे ते एकटेच भेटले. मी आमच्या शाळेचा नववीचा पट आणि पुढच्या वर्षीचा दहावीचा पट शेजारी ठेवून पाहिला. जी नावं गळाली होती त्यांच्या बाबतीत गावाकडे परतल्याचे दाखले होते. ते मी त्यांना जाऊन सांगितलं.

मुलांचं मत घ्यायचं ठरलं तेव्हा समितीतच विरोध झाला. मुलं काय, खेळाचे तास वाढवा म्हणतील, असं एक जण म्हणाले. बाईंनी परवानगी दिली आणि मी सांगितलेली अटही मान्य केली: चिठ्ठ्या लिहिताना वर्गात शिक्षक नसतील, नाव लिहायचं नाही, आणि चिठ्ठ्या समितीच उघडेल.

प्रश्न काय विचारायचे यावर आम्ही बराच विचार केला. ‘शाळा आवडते का?’ असं विचारलं की मूल ‘हो’ म्हणतं आणि विषय संपतो. म्हणून साधे, बोट ठेवता येतील असे प्रश्न काढले. शाळेत कुठल्या जागी जायला नको वाटतं? कुठला तास चुकला तर वाईट वाटतं? मागच्या आठवड्यात कुठला तास झालाच नाही? काही वाईट झालं तर शाळेत कुणाला सांगशील?

चिठ्ठ्या माझ्या घरी जमिनीवर पसरून वाचल्या. ‘नको वाटणारी जागा’ याचं उत्तर मुलींच्या चिठ्ठ्यांत जवळजवळ एकच होतं: बाथरूम. पण ते लिहिणाऱ्या मुली दुपारच्या सत्रातल्या होत्या, पाचवी ते सातवीच्या. सकाळच्या, आठवी ते दहावीच्या मुलींनी ते फारसं लिहिलंच नव्हतं. इमारत एकच, बाथरूम तीच. मी मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, “आमच्या वेळी स्वच्छ असतं.”

उलगडा मावशींशी बोलल्यावर झाला. सफाई सकाळी साडेसहाला एकदाच व्हायची. सात दहाला सत्र भरायचं, बारापर्यंत शेकडो मुली वापरायच्या, आणि साडेबाराला दुपारच्या मुली तशाच घाणीत जायच्या. पाच-चाळीसपर्यंत. मावशींची ड्यूटी अकराला संपायची, कारण त्यांना पुढे दुसरीकडे काम होतं. यात हलगर्जीपणा कुणाचाच नव्हता. वेळापत्रक ज्या काळी केलं तेव्हा शाळा एकाच सत्रात भरत होती आणि नंतर ते कुणी बदललं नव्हतं. एका सहावीच्या मुलीने लिहिलं होतं, “मी शाळेत पाणी पीत नाही म्हणजे जावं लागत नाही.” अशा चिठ्ठ्या बऱ्याच निघाल्या. एप्रिलच्या उन्हात पुण्याच्या पत्र्याखाली बसणारी अकरा-बारा वर्षांची मुलगी दुपारभर पाणी पीत नाही. आयांना अर्धवट माहीत होतं. “घरी आली की दप्तर टाकून आधी बाथरूमला पळते,” असं त्यांतल्या कितीतरी जणींनी आम्हाला सांगितलं होतं, पण अभिप्राय विचारल्यावर त्यांनी शाळा चांगली आहे असंच म्हटलं होतं. बाथरूम हा शाळेबद्दलच्या मताचा भाग आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. मुलींसाठी वेगळं शौचालय आणि पिण्याचं पाणी हे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या किमान गरजा म्हणून लिहिलेलं आहे. कागदावर आमची शाळा त्यात पास होती. नळाला पाणी होतं, दाराला कडी होती.

न झालेल्या तासाचं उत्तरही स्पष्ट होतं: नववी ‘ब’चं गणित. शिक्षक निवृत्त झाले होते, जागा रिकामी होती. एका मुलाने चिठ्ठीला वहीचं शेवटचं पान फाडून जोडलं होतं. त्यावर ऑफ गेलेल्या गणिताच्या तासांच्या तारखा, एकाखाली एक, पेन बदलत गेलेल्या. कुणी सांगितलं नसताना तो मुलगा हिशोब ठेवत होता. त्याच्या पालकांना याची कल्पना होती का, मला माहीत नाही. फॉर्मवर मात्र सगळ्यांनीच ‘शिकवणे – उत्तम’वर खूण केली होती.

काही वाईट झालं तर कुणाला सांगशील, याचं उत्तर अनेकांनी ‘मैत्रिणीला’ आणि ‘कुणालाच नाही’ असं लिहिलं. तक्रारपेटी शाळेत आहे. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने तक्रारपेटी आणि सीसीटीव्हीबद्दल पुन्हा कडक आदेश काढले, तेव्हा नवी पेटीही आली. पण ती लावली होती ऑफिसच्या दाराशेजारी, जिथे शिपाई, क्लार्क, येणारे-जाणारे सगळे बघतात. सातवीच्या एका मुलीने सरळ उपाय लिहिला होता: “पेटी ग्रंथालयात पुस्तकांच्या मागे ठेवा.”

आणि मारण्याबद्दल. पालक म्हणत होते फटके द्या. मुलांच्या चिठ्ठ्यांत फटक्यांचा उल्लेख थोडा होता, पण सगळ्यांसमोर बोलण्याचा खूप होता. ‘तुझ्या आईबापाने असंच शिकवलंय का’ हे वाक्य वेगवेगळ्या वर्गांतल्या चिठ्ठ्यांत आलं. एका मुलाची आई कन्नड बोलते, त्याच्या मराठी बोलण्यावर वर्ग हसतो आणि बाई हसणाऱ्यांना थांबवत नाहीत, असं त्याने लिहिलं होतं. हे वाचताना मी थांबले. त्याच चिठ्ठ्यांत चांगलंही भरभरून होतं. विज्ञानाच्या सरांचा तास चुकला तर वाईट वाटतं, पीटीच्या बाई डबा विचारतात, ग्रंथालयात बसू देतात. मुलं फक्त खेळाचे तास मागतील, ही भीती खरी ठरली नाही.

हे सगळं शिक्षकांसमोर वाचायचं होतं. नावं नव्हती, पण कुणाबद्दल काय आहे ते कळत होतंच. एक सर दुखावले. म्हणाले, “आम्ही बीएलओचं, म्हणजे मतदारयाद्यांचं, काम करतो, ऑनलाइन माहिती भरतो, आधार जुळवतो, मुलांची नावं आधारशी जुळली नाहीत तर आमची पदं जातात. आमचा अभिप्राय कोण घेतं?” त्यांचं म्हणणं रास्त होतं. शाळेत किती शिक्षक मिळणार ते संचमान्यतेवर ठरतं, संचमान्यता पटावर, आणि पट आता आधार जुळलेल्या मुलांचाच धरतात. राज्यात शिक्षकभरती २०१२ पासून कित्येक वर्षं बंद होती, आता ती सरकारच्या ‘पवित्र’ या ऑनलाइन पोर्टलमार्फत होते आणि रिकामी जागा कधी भरेल हे शाळेच्या हातात नसतं. हे मला त्या सभेतच नीट समजलं. आपण पालक शिक्षकांबद्दल मत देतो तेव्हा त्यांचा निम्मा दिवस कशात जातो, हे आपल्याला ठाऊक नसतं. त्या सभेनंतर आम्ही अहवालात शिक्षकांच्या म्हणण्याचा वेगळा भाग घातला.

काय बदललं? सफाईची वेळ दोनदा झाली. मावशींनाच वाढीव पैसे देऊन बारा ते साडेबारा थांबवून घेतलं, पैसे संस्थेने दिले. गणितासाठी तासिका तत्त्वावर एक तरुण बाई आल्या. तक्रारपेटी ग्रंथालयात गेली आणि ती उघडताना समितीतली एक आई हजर असते. बोलण्याच्या पद्धतीत किती फरक पडला ते इतक्यात सांगता येणार नाही, पण कन्नड बोलणाऱ्या त्या मुलाच्या वर्गात भाषादिनाला मुलांनी आपापल्या घरच्या भाषेत गोष्ट सांगितली, तो कार्यक्रम त्या वर्गाच्या बाईंनी स्वतः सुचवला.

फिरताना आणखी एक लक्षात आलं. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा असते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला ती देता येत नाही. शाळेच्या बाजूने सांगावं असं हे मोठं कारण आहे आणि मी भेटले त्या बहुतेक पालकांना ते माहीतच नव्हतं. उत्पन्नाचा दाखला वेळेत निघत नाही म्हणून मुलं मागे राहतात, हे कळल्यावर रिक्षावाल्या दादांनी पालकांना सेतू केंद्रात नेऊन दाखले काढून द्यायचं काम अंगावर घेतलं. यंदा फॉर्म भरणाऱ्यांत आमच्या वस्तीतल्या मुलीही आहेत.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. नववीच्या मुलांच्या चिठ्ठ्यांत, कुठल्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून नाही, तर खाली कोपऱ्यात, “आम्हाला पण खिचडी पाहिजे” असं लिहिलेलं होतं. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम धान्याचा हिशोब, नववीला काही नाही. आमच्याकडे आठवी, नववी, दहावी एकाच सत्रात, एकाच मधल्या सुट्टीत. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. आठवीची मुलं ताटं घेऊन रांगेत उभी असतात, नववीची मुलं बाजूने नळाकडे जातात. डबा आणणारी बसून खातात, न आणणारी मैदानाच्या टोकाला खेळत राहतात. ज्यांची आई पहाटे पाचला कामाला जाते, त्यांचा डबा सकाळी सात दहाच्या शाळेला होत नाही. वर्षभरापूर्वी हीच मुलं त्या रांगेत होती. वय वाढलं, भूक वाढली आणि जेवण बंद झालं.

उरलेली खिचडी त्यांना द्या, असं एका सदस्याने सुचवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, हिशोब रोजच्या हजेरीवर द्यावा लागतो, मी तसं लेखी करू शकत नाही. त्यांची अडचण मला समजते. माजी विद्यार्थ्यांकडून केळी आणि शेंगदाण्याचे लाडू आठवड्यातून काही दिवस मिळतील का, याची बोलणी चालू आहेत. भाजीमंडईतल्या एका माजी विद्यार्थ्याने केळी द्यायचं कबूल केलं आहे. पण दान आज आहे, उद्या नाही. म्हणून समितीने ठराव केला आहे की पोषण आहार दहावीपर्यंत वाढवावा, आणि तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवला आहे. आमचा अधिकार सल्ल्याचा आहे, तो आम्ही दिला. आजूबाजूच्या शाळांच्या समित्यांनीही असाच ठराव करावा म्हणून मी त्यांच्या पालक सदस्यांना भेटते आहे. आपल्या शाळेच्या समितीवर कोण आहे हे माहीत नसेल तर मुख्याध्यापकांना विचारा आणि सभेचं इतिवृत्त बघायला मागा. नववीच्या मुलांना विचारायचा प्रश्न एकच आहे: मधल्या सुट्टीत तू काय खातोस?